हवा जास्त झाली, चुंबक हरवला

गेल्या अंकात तळ्याच्या गाळातल्या चुंबकी जिवाणूंवर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. या जिवाणूंच्या पोटात लोहखनिजाचे बारीक स्फटिक माळेसारखे ओवलेले असतात आणि त्या माळेमुळे ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून पोहतात, एवढंच. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा बघून मीच चकित झाले. निरनिराळे वाचक, निरनिराळे प्रश्न, पण फिरून फिरून गाडी एकाच ठिकाणी येते: ऑक्सिजन. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी तीसेक वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी याच मंडळींच्या सरबराईत गेली. तेव्हा कुठे पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्हाला मॅग्नेटोस्पिरिलम या चुंबकी जिवाणूचं कल्चर मिळालं. आलं तेव्हा नळीला लोहचुंबक लावला की एका बाजूला काळसर ठिपका जमायचा. आम्हाला भरपूर पेशी हव्या होत्या, म्हणून मोठ्या फ्लास्कमध्ये घालून तो शेकरवर ठेवला. वाढ उत्तम झाली, मीडियम गढूळ झालं, मायक्रोस्कोपखाली पेशी पळताना दिसतात. पण आता चुंबकाकडे एकही जात नाही. लोह कमी पडलं असेल म्हणून फेरिक सायट्रेट दुप्पट केलं, तरी काही फरक नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर : चुकलं एवढंच, की तुम्ही त्यांचे फार लाड केलेत.

तुमचं पत्र वाचताना मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मीही नेमकं हेच केलं होतं. आधीची सगळी सवय साध्या जिवाणूंची. त्यांना जितकी हवा द्याल तितके ते खूश. मी दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये चमचाभर मीडियम घातल्यासारखं थोडंसं घातलं, वर कापसाचा बोळा लावला आणि रात्रभर शेकर फुल स्पीडला सोडला. सकाळी सेंट्रिफ्यूजमधून नळ्या काढल्या तर तळाशी बसलेला साका पांढरट, पिवळसर, मलईच्या रंगाचा. आमच्या वरिष्ठांनी नळी उजेडासमोर धरली आणि एकच शब्द उच्चारला, ‘गोरे!’ चांगल्या चुंबकी पेशींचा साका काळपट असतो, तपकिरीकडे झुकणारा. तो काळा रंग मॅग्नेटाइटचा, म्हणजे माळेतल्या त्या लोहखनिजाचा. माझ्या नळीत पेशी भरपूर होत्या, मॅग्नेटाइट नव्हतं.

ही काही नवी गोष्ट नाही. १९८५ साली ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेटोस्पिरिलम मॅग्नेटोटॅक्टिकम, त्या वेळचं नाव अ‍ॅक्वास्पिरिलम, बंद बाटल्यांमध्ये न हलवता वाढवला. प्रत्येक बाटलीत मीडियमच्या वरच्या पोकळीत ऑक्सिजनचं प्रमाण वेगवेगळं ठेवलं. सर्वांत जास्त मॅग्नेटाइट मिळालं ते अर्धा ते एक टक्का ऑक्सिजन होता त्या बाटल्यांत. पाच टक्क्यांच्या पुढे चुंबकत्व गायब. आपल्या भोवतालच्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो हे लक्षात घ्या, म्हणजे तुमच्या शेकरवर काय झालं ते कळेल.

पण त्या बाटल्यांच्या पद्धतीत एक गोम आहे. पोकळीतला ऑक्सिजन म्हणजे पेशीपर्यंत पोहोचणारा ऑक्सिजन नव्हे. पेशी वाढतात तसा त्या ऑक्सिजन खात जातात, त्यामुळे पहिल्या दिवशीचा आकडा तिसऱ्या दिवशी खरा राहत नाही. हा गुंता २००३ साली जर्मनीत हायेन आणि श्यूलर यांनी सोडवला. त्यांनी असा फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायचं बंद भांडं, जुळवला की आतला ऑक्सिजन सतत मोजला जाईल, जरा खाली गेला की आपोआप भरला जाईल आणि प्रयोगभर एकाच पातळीवर राहील. त्यांच्या मॅग्नेटोस्पिरिलम ग्रिफिस्वाल्डेन्समध्ये ऑक्सिजनचा दाब २० मिलिबारच्या खाली उतरला की मॅग्नेटाइट बनायला लागतं आणि सर्वांत चांगलं बनतं ते ०.२५ मिलिबारला. हवेत हाच दाब साधारण २१० मिलिबार असतो. म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनचा आठशेवा हिस्सासुद्धा नाही! तुमच्या कल्चरचं खरं सुख तिथे आहे.

याच प्रयोगातला दुसरा आकडा मला जास्त आवडतो. ०.२५ मिलिबारला तयार झालेले स्फटिक सरासरी ४२ नॅनोमीटरचे होते, तर १० मिलिबारला जेमतेम २० नॅनोमीटरचे. वाचताना वाटतं, असेनात का निम्म्या आकाराचे, चुंबक तर आहेत ना? नाहीत. मॅग्नेटाइटचा कण साधारण ३० नॅनोमीटरच्या खाली गेला की खोलीच्या तापमानाच्या उष्णतेनंसुद्धा त्याचं चुंबकत्व क्षणोक्षणी दिशा बदलतं. एका जागी ठरत नाही, त्यामुळे त्याचं होकायंत्र होत नाही. उलट तो फार मोठा झाला तर त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांचे भाग पडतात आणि ते एकमेकांना मारक ठरतात. मधल्या पट्ट्यात कण एकसंध आणि कायमचा चुंबक असतो. जिवाणूंचे स्फटिक बहुतेक ३५ ते १२० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात, म्हणजे अगदी याच पट्ट्यात. तेव्हा तुमच्या पेशींत मॅग्नेटाइट अजिबातच नसेल असं नाही. काहींमध्ये चिमूटभर असेलही. पण बारक्या, विस्कळीत कणांवर पेशी वळत नाही.

लोह वाढवून काही होणार नाही. या जिवाणूची लोहाची भूक बाहेर १५-२० मायक्रोमोलर लोह असलं की भागते. त्याच्या पुढे ओतलेलं फेरिक सायट्रेट तुमच्या समाधानासाठी.

आता काय करायचं ते सांगते. शेकर बंद करा. स्क्रूच्या झाकणाची बाटली घ्या, मीडियम गळ्यापर्यंत भरा, अगदी थोडी हवा वर राहू द्या आणि न हलवता ठेवून द्या. पेशी स्वतःच ऑक्सिजन संपवत आणतील आणि पातळी आपोआप उतरेल. अशा ‘गोऱ्या’ पेशी कमी ऑक्सिजनमध्ये आल्या की काही तासांतच त्यांच्यात स्फटिक दिसू लागतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांत तुम्हाला उत्तर मिळेल. मोजायचं असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. कल्चरच्या क्युव्हेटजवळ लोहचुंबक धरा, वाचन घ्या. चुंबक काटकोनात फिरवा, पुन्हा वाचन घ्या. पेशी चुंबकी असतील तर त्या सगळ्या एकदम वळतात, प्रकाश वेगळ्या प्रकारे विखुरतो आणि आकडा बदलतो. दोन्ही आकडे सारखेच आले तर गोऱ्याच आहेत असं समजा. आम्ही आकडा बघायच्या आधी क्युव्हेटकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचो. चांगलं कल्चर असेल तर चुंबक फिरवताना त्यात झुळूक आल्यासारखी चमक हलते.

दोनदा-तीनदा असं करूनही चुंबकत्व परत आलं नाही, तर मात्र मामला वेगळा. माळ बनवायची जनुकं या जिवाणूच्या गुणसूत्रावर एका मोठ्या पट्ट्यात एकत्र बसलेली आहेत आणि हा पट्टा अस्थिर आहे. प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा सबकल्चर करत राहिलं, जुनी कल्चरं तशीच पडू दिली, की तो काही पेशींमधून चक्क गळून पडतो. प्रयोगशाळेत पेशीला होकायंत्र लागत नाही, त्यामुळे गळला तरी तिचं काही अडत नाही. गळलेला पट्टा ऑक्सिजन कमी करून परत येत नाही. मग फ्रीझरमधली मूळ व्हायल काढायची. ती ठेवली आहे ना?

प्रश्न : मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड. मग ऑक्सिजन कमी असताना ऑक्साइड जास्त बनतं, हे मुलांना कसं समजावून सांगू? मलाच नीट समजलेलं नाही.

उत्तर : सर, प्रश्न अगदी मुळावर ठेवलात. आधी एक धक्का देते: जिवाणूच्या मॅग्नेटाइटमधला ऑक्सिजन हवेतून आलेलाच नसतो. तो पाण्यातला असतो. १९९९ साली मॅन्डरनॅक आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून हे दाखवलं. ज्या पाण्यात जिवाणू वाढवले त्या पाण्यातल्या ऑक्सिजनची सही मॅग्नेटाइटमध्ये उमटली. विरघळलेला ऑक्सिजन वायू त्या स्फटिकाची वीट होत नाही.

मग त्या वायूचं काम काय? तुम्ही मुलांना फेरस आणि फेरिक ही लोहाची दोन रूपं शिकवताच: फेरसमधून एक इलेक्ट्रॉन गेला की फेरिक. मॅग्नेटाइटमध्ये लोहाचे तीन अणू घेतले तर त्यातला एक फेरस असतो, दोन फेरिक. त्याची सगळी गंमत या मिश्रणात आहे. साध्या पाण्यात भरपूर ऑक्सिजन असला की फेरस फार वेळ टिकत नाही; सगळं फेरिक होऊन गंजाच्या रंगाचा साका तळाशी बसतो. ऑक्सिजन अजिबात नसला तर लोह फेरस होऊन पाण्यात विरघळून राहतं. मॅग्नेटाइट या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतलं खनिज आहे. फळ्यावर एक आडवी रेघ काढा, एका टोकाला गंज, दुसऱ्या टोकाला विरघळलेलं फेरस, आणि मध्ये मॅग्नेटाइट. मुलांना एवढं पुरेल.

तुम्हाला मात्र मी इथेच सोडणार नाही, कारण या चित्रात जिवाणू एखाद्या परीक्षानळीसारखा निपचित पडून आहे असं वाटतं. तो तसा नाही. पेशीचं आतलं पटल आत दुमडून छोट्या पिशव्या तयार होतात. एका जातीत असं दिसलं आहे की लोह नसताना, स्फटिक बनायच्या आधीच, या रिकाम्या पिशव्या रांगेत बसलेल्या असतात. या पिशव्यांच्या पटलात लोह आत सोडणारी प्रथिनं आहेत, आणि फेरस-फेरिकचं प्रमाण राखायला हीम (लोह धरून ठेवणारा रेणू) असलेली प्रथिनं आहेत. त्यातलं मॅम-पी नावाचं एक प्रथिन फेरसचं फेरिक करू शकतं. त्याची त्रिमितीय रचना २०१३ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे एकास दोन हे माप बाहेरच्या पाण्यावर सोडलेलं नाही, पिशवीच्या आत ते जपलं जातं. बाहेर ऑक्सिजन फार असला की हा हिशेब पेशीच्या हाताबाहेर जातो, असं मी त्याकडे बघते.

आणखी एक धागा नायट्रेटचा आहे. ऑक्सिजन कमी पडला की यातले बरेच जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात. २०१२ साली श्यूलर यांच्याच गटानं ग्रिफिस्वाल्डेन्समधली नायट्रेट वापरणारी विकरं एकेक करून काढून बघितली. काही काढल्यावर स्फटिक कमी झाले, बारके झाले, वेडेवाकडे झाले, आणि हे ऑक्सिजन थोडासा असतानाही. म्हणजे नायट्रेटवर चालणारी यंत्रणा आणि माळ बनवणारी यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. या दोघींच्या वर एक पहारेकरीही आहे: एफएनआर जातीचं प्रथिन, ऑक्सिजनची पातळी ओळखून जनुकं चालू-बंद करणारं. ते काढून टाकलं तर स्फटिक बिघडतात, आणि गरजेपेक्षा जास्त बनवलं तरी बिघडतात. प्रयोगशाळेत आम्हाला असे निकाल फार आवडत नसत, कारण त्यांची एका ओळीत कारणमीमांसा करता येत नाही. पण खरी पेशी अशीच असते.

मुलांनी ‘ऑक्सिजन म्हणजे कच्चा माल की इशारा?’ असं विचारलं तर ‘इशारा’ म्हणा.

प्रश्न : पण मुळात जिवाणूला उत्तर दिशा कशाला हवी? तो काय स्थलांतर करतो?

उत्तर : उत्तर दिशेशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला खाली जायचं असतं.

स्थिर पाण्याच्या तळाशी गाळात वरून खाली गेलं की ऑक्सिजन झपाट्यानं संपतो. काही ठिकाणी मोजक्या मिलिमीटरमध्ये. या जिवाणूंना हवा असतो तो मधला पातळ थर, ऑक्सिजन संपता संपताचा. तिथे त्यांना जगायला थोडा ऑक्सिजन मिळतो आणि खालून येणारं खाद्यही मिळतं. गाळ हलला, जिवाणू वर उचलला गेला, की परत तिकडे पोहोचायचं कसं? एक-दोन मायक्रोमीटरच्या जिवाला वरखाली कळत नाही. गुरुत्वाकर्षण त्याच्यासाठी जवळजवळ नसल्यात जमा आहे, आणि पाण्याचे रेणू त्याला सतत ढकलत, फिरवत असतात. इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कामी येतं. विषुववृत्तापासून दूर ते जमिनीत तिरकं घुसलेलं असतं. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे जाणारी क्षेत्ररेषा खाली उतरते. त्या रेषेला धरून पोहलं की शोध तीन दिशांत घ्यावा लागत नाही, एका रेषेवर घेतला की काम झालं: पुढे किंवा मागे. कुठे थांबायचं ते होकायंत्र सांगत नाही, ते ऑक्सिजन सांगतो. ऑक्सिजन जास्त जाणवला की जिवाणू एका बाजूला, फारच कमी जाणवला की उलट बाजूला.

म्हणजे बघा, होकायंत्र कमी ऑक्सिजनच्या थरात बनतं आणि त्याच थरात राहायला वापरलं जातं. पहिल्या पत्रातल्या मुलांना हे आधी सांगितलं असतं तर त्यांनी शेकरला हातच लावला नसता.

१९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर यांनी हे जिवाणू जगासमोर आणले ती हकीकत थोडक्यात सांगते. ते तेव्हा विद्यार्थी होते, अमेरिकेतल्या वुड्स होलजवळच्या खाऱ्या दलदलीतला गाळ मायक्रोस्कोपखाली बघत होते, दुसरेच जिवाणू शोधत होते. काही पेशी थेंबाच्या एकाच कडेला जाऊन जमत होत्या. उजेडामुळे असेल म्हणून मायक्रोस्कोप फिरवला, झाकला, दुसरीकडे नेला. पेशी आपल्या त्याच दिशेला. शेवटी लोहचुंबक जवळ आणला आणि सगळ्या वळल्या. त्याच्या बारा वर्षं आधी, १९६३ मध्ये, इटलीत पाव्हियाला साल्व्हातोरे बेलिनी यांनी असेच जिवाणू पाहून लिहून ठेवलं होतं, पण ते लिखाण फारसं कोणाच्या वाचनात आलं नाही. बेलिनींबद्दल मला कायम हळहळ वाटते.

पुढे १९८० मध्ये न्यूझीलंड आणि टास्मानियातल्या गाळात दक्षिणेकडे पोहणारे जिवाणू सापडले. तिथे दक्षिणेकडे जाणं म्हणजे खाली जाणं. विषुववृत्ताजवळ दोन्ही प्रकार सापडतात. चित्र इतकं नीटस झालं की पाठ्यपुस्तकांनी ते उचललं. मग २००६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सॉल्ट पाँडमध्ये, म्हणजे उत्तर गोलार्धात, दक्षिणेकडे पोहणारे जिवाणू मोठ्या संख्येनं मिळाले. त्यांच्या बाबतीत ऑक्सिजनकडे बघण्याची पद्धत वेगळी असावी असं दिसतं. माझ्या मते पाठ्यपुस्तकांनी ही ओळ आता तरी घ्यावी.

प्रश्न : ऑक्सिजन अजिबातच नसेल तर?

उत्तर : तुमचा जिवाणू कोणता त्यावर आहे. १९८५ च्या त्या बाटल्यांत शून्य ऑक्सिजनला मॅग्नेटाइट बनलं नव्हतं, त्यामुळे बरीच वर्षं ‘थोडा तरी ऑक्सिजन हवाच’ असं मानलं जायचं. पण १९८८ साली समुद्रातला एक जिवाणू नायट्रस ऑक्साइडवर, ऑक्सिजनशिवाय, मॅग्नेटाइट बनवताना सापडला. १९९३ साली जपानमधून डिसल्फोव्हिब्रिओ मॅग्नेटिकसची बातमी आली. हा ऑक्सिजन टाळूनच जगतो, सल्फेटवर श्वसन करतो आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे स्फटिक घडवतो.

आणखी खोल, जिथे गाळाला कुजक्या अंड्यांचा वास येतो तिथे, हायड्रोजन सल्फाइडच्या राज्यात, काही जिवाणू ऑक्साइड बनवतच नाहीत. ते लोहाचं सल्फाइड बनवतात. त्याचं नाव ग्रेगाइट. रचना मॅग्नेटाइटसारखीच, ऑक्सिजनच्या जागी गंधक, आणि तेही चुंबकी. दोन्ही खनिजं एकाच पेशीत बनवणारेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटर खोऱ्यातून मिळालेला असा एक जिवाणू २०११ साली प्रसिद्ध झाला. भोवती सल्फाइड जास्त असलं की त्याच्यात ग्रेगाइट वाढतं. त्याच्या आधी १९९५ मध्ये एका खाडीतल्या पाण्यात असंच दिसलं होतं: वरच्या थरातल्या पेशींमध्ये मॅग्नेटाइट जास्त, खालच्या थरातल्या त्याच जातीच्या पेशींमध्ये ग्रेगाइट जास्त. पेशी कुठल्या खोलीवर राहत होती ते तिच्या माळेवरून ओळखावं, इतकं स्पष्ट.

प्रश्न : मंगळावरच्या दगडातही असे स्फटिक सापडले होते ना? मग तिथे जीव होते?

उत्तर : अंटार्क्टिकात १९८४ साली मिळालेल्या एका मंगळाच्या अशनीत मॅग्नेटाइटचे बारीक स्फटिक दिसले आणि १९९६ साली त्यावरून मोठा गाजावाजा झाला. जीव नसतानाही तसे स्फटिक बनू शकतात, हे नंतर दाखवलं गेलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ आता तो पुरावा धरत नाहीत. आकार आणि आकृतीवरून जीव ओळखणं भलतं अवघड असतं, इतकंच मी म्हणेन. पृथ्वीवरच्या जुन्या सागरी गाळात मात्र मेलेल्या जिवाणूंचे स्फटिक खरोखर सापडतात, आणि तिथे त्यांचा उपयोग होतो. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

प्रश्न : ताई, आम्हाला हे जिवाणू स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतील का? आमच्याकडे साधा शाळेचा मायक्रोस्कोप आहे. आम्ही आठवीत आहोत.

उत्तर : येतील. थोडा धीर लागेल.

मोठ्या माणसाला बरोबर घेऊन संथ पाण्याच्या काठावर जा. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, तिचा तिसरा हिस्सा वरच्या थरातल्या मऊ गाळानं भरा, वर त्याच तळ्याचं पाणी घाला. वर दोनेक सेंटिमीटर जागा सोडून बरणी भरली की झाकण सैल ठेवा, घट्ट नको. कमी उजेडाच्या कोपऱ्यात ठेवून द्या आणि काही आठवडे विसरून जा. हलवू नका, ढवळू नका. ही सूचना मी मोठ्या संशोधकांनाही दोनदा सांगत असे.

हळूहळू गाळात पट्टे दिसतील. वर काही मिलिमीटर तपकिरी, त्याखाली करडं, मग काळं. तपकिरी रंग फेरिकचा. जिथे तो संपतो तिथे ऑक्सिजन संपत आला असं धरा. वरच्या पत्रातल्या सरांची आडवी रेघ बरणीत उभी झाली आहे. आपले पाहुणे त्या सीमेच्या आसपास असतात.

आता एक पट्टीचा लोहचुंबक घ्या. त्याचं दक्षिण टोक बरणीच्या बाहेरून, गाळाच्या साधारण बोटभर वर, काचेला टेकवून ठेवा. तुम्ही उत्तर गोलार्धात आहात, तुमचे बहुतेक जिवाणू उत्तरेकडे जाणारे, म्हणून ते चुंबकाच्या दक्षिण टोकाकडे येतात. अर्धा-पाऊण तास थांबा. कधी काचेच्या आतल्या बाजूला फिकट ठिपका दिसतो, कधी नाही. ड्रॉपरनं त्याच जागेवरून एक थेंब उचला.

हा थेंब कव्हरस्लिपवर ठेवा आणि ती उलटी करून स्लाइडवर ठेवलेल्या रबरी रिंगवर टेकवा, म्हणजे थेंब खाली लोंबेल आणि त्याची एक स्पष्ट कड तयार होईल. नेहमीसारखा थेंब चपटा करून दाबला तर कडेची गंमत निघून जाते. लोहचुंबक स्लाइडच्या शेजारी, टेबलावर ठेवा. सगळ्यांत कमी मोठं करणाऱ्या भिंगानं थेंबाची चुंबकाकडची कड शोधा, मग ४० च्या भिंगावर या. उजेड कमी करा. फार उजेडात जिवाणू दिसत नाहीत. पहिल्यांदा इकडेतिकडे फिरणारी इतर गर्दीच दिसेल. तिच्याकडे लक्ष देऊ नका. एकाच दिशेनं, सरळ रेषेत, कडेकडे येणारे बारीक ठिपके शोधा. कडेशी आले की ते थांबत नाहीत, तिथेच धडपडत राहतात आणि त्यांचा थर जाड होत जातो.

मग मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता चुंबक उलटा फिरवा. मी हे शेकडो वेळा केलं असेल, तरी दर वेळी हात जरा थांबतो. सगळा थर एकदम वळतो. प्रत्येक ठिपका छोटंसं इंग्रजी यू अक्षर काढतो आणि थेंबाच्या दुसऱ्या टोकाकडे निघतो. खरंच चुंबकाचं काम आहे की दुसरं काही, हे तपासायचं तर चुंबकासारखाच दिसणारा लाकडाचा तुकडा तिथे ठेवून बघा.

तुमच्यातला कोणीतरी हे विचारेलच, म्हणून आधीच सांगते: थेंबाच्या कडेला तर ऑक्सिजन सर्वांत जास्त, मग कमी ऑक्सिजन आवडणारे तिकडे का जमतात? कारण तुम्ही त्यांना बरणीतून उचलून हवेत आणलंत. ऑक्सिजन जास्त जाणवतोय, म्हणजे आपण वर आलो आहोत, खाली गेलं पाहिजे. आणि ‘खाली’ म्हणजे चुंबक दाखवेल ती दिशा. तुमचा चुंबक टेबलावर आडवा ठेवला आहे, हे त्यांना ठाऊक नाही. ते कडेला डोकं आपटत गाळ शोधत असतात. फार वेळ ठेवू नका, बघून झालं की थेंब परत बरणीत सोडा.